थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत

ठाणे-कल्याण पट्ट्याचा इतिहास सांगताना लोक १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदरहून ठाण्याला आलेली गाडी सांगतात, दुर्गाडीचा किल्ला सांगतात, गिरण्या आणि मिठागरं सांगतात. गॅरेजांचा इतिहास कुणी सांगत नाही. मी १९७६ साली नौपाड्यातल्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलो, पुढे कल्याणला मुरबाड रोडला स्वतःचा गाळा घेतला आणि हाताला पान्हा पेलेनासा होईपर्यंत गिअरबॉक्सचंच काम केलं. त्यामुळे हा इतिहास थोडाफार मलाच सांगावा लागेल. सगळा सांगत नाही. आमच्या धंद्यातली एकच रीत सांगतो, कारण तिच्यामुळे आजही डिसेंबर-जानेवारीत चांगले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ‘गेले’ म्हणून खोलले जातात.

ती रीत म्हणजे इंजिनातला थर्मोस्टॅट काढून टाकणं.

आम्हाला जे शिकवलं गेलं ते सगळं उष्णतेच्या भीतीतून आलेलं होतं. माझे उस्ताद शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात तयार झालेले. तो कारखाना १९२८ साली सुरू झाला, तिथे शेवरोले गाड्यांची जुळणी व्हायची, आणि १९५४ मध्ये तो बंद झाला. देशात गाडी नुसती जोडायची नाही, तिचे भाग इथेच बनवायचे, असं सरकारचं धोरण ठरल्यावर नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. तिथले कारागीर मग मुंबईभर आणि मुंबईबाहेर पांगले. आमचे उस्ताद ठाण्याला आले. त्यांच्याकडे दोन पेट्या होत्या, एकीत अमेरिकन मापाचे पाने आणि दुसरीत वर्कशॉप मॅन्युअलं. इंग्रजी त्यांना अडखळत यायचं, पण आकृत्या पाठ होत्या.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकला. लोकांना वाटतं ही हल्लीची चैन आहे. ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलात हायड्रामॅटिक आला, १९४८ मध्ये ब्यूकने डायनाफ्लो आणला, १९५० मध्ये शेवरोलेने पॉवरग्लाइड. यातल्या काही गाड्या श्रीमंतांच्या आणि परदेशी वकिलातींच्या हातून मुंबईत आल्या, जुन्या झाल्या, विकल्या गेल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाबरोबर ठाण्यापर्यंत पोचल्या. मालक घोडबंदरच्या बाजूचा एखादा बागाईतदार नाहीतर भिवंडीचा एखादा लूमवाला असायचा. क्लच नसलेली गाडी खोलायची हिंमत असलेले मिस्त्री या बाजूला अगदी थोडे, आणि त्यांत आमचे उस्ताद.

२२ जानेवारी १९६२ ला मुंबईत ७.४ अंश तापमान नोंदलं गेलं. तेवढी थंडी मुंबईने पुन्हा पाहिलेली नाही. त्या आठवड्यातली एक हकिगत उस्ताद नेहमी सांगायचे. एका शेटजींची ब्यूक सकाळी सुरू व्हायची, दांडी ड्राइव्हवर यायची, इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. ड्रायव्हरने घाबरून ती बैलगाडीला बांधून आणली. उस्तादांनी काही खोललं नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं, चहा मागवला, गिअरबॉक्सच्या खालच्या पत्र्याला हात लावून पाहत राहिले. पत्रा कोमट झाला तसं गाडीत बसले आणि गाडी उचलली. मग तेलाची काडी काढून पातळी पाहिली, तर तेल कमी होतं. पाऊण शेर तेल घातलं आणि गाडी परत पाठवली. ‘आधी तेल, मग पान्हा,’ असं ते म्हणायचे. मला या धंद्यात मिळालेलं सगळ्यात मोठं शिक्षण ते हेच, असं मी मानतो.

पण तेव्हा ठाण्यात ऑटोमॅटिक गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आमची रोजची भाकरी फियाटवर होती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला आधी क्रायसलरच्या करारावर डॉज आणि प्लिमथ गाड्या काढल्या, मग फियाटशी करार केला. १९५४ मध्ये फियाट ११०० आली, १९६४ मध्ये तिची डिलाइट, आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने रस्त्यावर आली. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर आणि स्टिअरिंगखाली गिअरची दांडी. कुर्ल्याच्या कारखान्यात जाणारे कितीतरी कामगार कल्याण-डोंबिवलीला राहायचे, पहाटेच्या लोकलने जायचे. रविवारी त्यातले एखाद-दोघे आमच्या गॅरेजात येऊन बसायचे, गिअरबॉक्समधली कुठली वॉशर बदलली आहे, कुठल्या बेअरिंगचा पुरवठादार बदलला आहे, ते सांगून जायचे. ठाण्याच्या गॅरेजांना फियाट जितकी कळली तितकी दुसरी गाडी कळली नाही, त्याचं कारण हे शेजारपण.

आता रीत कुठून आली ते सांगतो.

फियाटची परीक्षा व्हायची ती कसाऱ्याच्या घाटात. उन्हाळ्याच्या सुट्टीत अख्खं कुटुंब, वर कॅरिअरला बांधलेल्या वळकट्या, आणि नाशिकला निघालेली गाडी. लतिफवाडीपर्यंत पोचेपर्यंत रस्त्याच्या कडेला बॉनेट वर केलेल्या गाड्यांची रांग दिसायची. काहींचं रेडिएटरमधलं पाणी उकळलेलं, काहींच्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडलेलं. फ्युएल पंपावर ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं हे तेव्हाच्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होतं. शेजारी पाण्याचा डबा असायचाच. कूलंट कुणी घालत नव्हतं, नळाचं नाहीतर विहिरीचं पाणी. त्या पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचायचे. वर्षा-दोन वर्षांनी रेडिएटर काढून सळईवाल्याकडे पाठवायचा, तो वरची टाकी डाग उपटून उघडायचा, एकेका नळीत पातळ सळई घालून घासायचा आणि पुन्हा डाग द्यायचा. रस्त्यावर बसून हे काम करणारी माणसं कल्याणच्या बैलबाजारात होती, ठाण्यातही होती.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचं छोटं दार. जुने असायचे ते पितळेची घडीची डबी, नंतरचे मेणावर चालणारे. पाणी साधारण ८० अंशांच्या आसपास तापलं की दार उघडतं. तोवर पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. हे दार गंजून बंदच राहिलं तर इंजिन उकळतं, हेड गॅस्केट उडतं, कधी हेड वाकतं. आयात जवळजवळ बंद, अस्सल भाग मिळवायचा तर ऑपेरा हाउसच्या बाजारात खेटे, आणि डुप्लिकेट थर्मोस्टॅटचा भरवसा नाही. अशा वेळी मिस्त्री काय करील? दोन नट सोडायचे, थर्मोस्टॅट उचलून बाजूला ठेवायचा, नवं गॅस्केट लावून झाकण बसवायचं. पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरायला लागतं आणि घाटात गाडी थोडी थंड राहते. गिऱ्हाईक खूश. आमच्या गॅरेजच्या भिंतीला एका खिळ्यावर असे काढलेले थर्मोस्टॅट माळेसारखे अडकवलेले असायचे.

त्या काळाला ही रीत चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पेट्रोल थोडं जास्त जायचं, इंजिन ऑइलमध्ये गाळ धरायचा, पण भर रस्त्यात मे महिन्यात पोराबाळांसह अडकण्यापेक्षा ते परवडायचं. इथे बर्फ पडत नव्हता. फियाटच्या गिअरबॉक्सला इंजिनच्या पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

तेलाचंही तसंच. गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं तेल घालायचं. गाडी जुनी झाली, गिअर गुणगुणायला लागले, की काही जण १४० नंबर घालायचे. जाड तेलाने आवाज दबतो. उन्हाळ्यात ते खपून जायचं. जानेवारीत मात्र बदलापूर, टिटवाळा, मुरबाडकडची गिऱ्हाइकं सकाळी कुरकुरत यायची की गिअर पडत नाही. आपल्याकडे थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं, तितकं हे तेल गोठत नाही, पण जाड होतं, आणि सिंक्रोच्या पितळी कड्यांना गिअरचा वेग जुळवायला वेळ लागतो. फियाटच्या पहिल्या गिअरला तर सिंक्रोच नव्हता. त्यात स्टिअरिंगच्या दांड्याला लागलेल्या सळयांची बुशं झिजलेली असली की दांडी दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अडकायची. ड्रायव्हर उतरायचा, बॉनेट उघडून सळया हाताने हलवायचा आणि पुन्हा बसायचा. थंडीची आमची सगळी ‘रिपेरी’ म्हणजे चोक ओढा, क्लच दोनदा दाबा, पहिली दोन मिनिटं सबुरीने घ्या, ऊन आलं की ठीक होईल. आणि खरंच ठीक व्हायचं. म्हणून थंडीच्या तक्रारीचा अभ्यास करायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. पिढ्यान् पिढ्या आम्ही उष्णतेचे डॉक्टर झालो.

मधल्या काळात आमच्या दारात गाड्यांचे कारखाने आले, याचा उल्लेख करायलाच हवा. १९८५ मध्ये प्रीमियरने ११८ एनई काढली, फियाटच्या १२४ च्या सांगाड्यात निसानचं ११७१ सीसीचं इंजिन आणि निसानचाच गिअरबॉक्स. तिची दांडी खाली आली होती आणि गिअर लोण्यात सुरी फिरावी तसे पडत, हे आम्ही पहिल्या गाडीलाच ओळखलं. मग प्रीमियर आणि प्यूजो यांच्या भागीदारीत १९९४ मध्ये डोंबिवलीजवळच्या कल्याण कारखान्यातून प्यूजो ३०९ निघाली. इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना, गिअरबॉक्स इंजिनच्या पोटाला चिकटलेला. आमच्यातली तरुण मुलं तिथे कामाला लागली. डोंबिवलीच्या चाळीत राहणारा मुलगा फ्रेंच गाडी जोडतो याचं केवढं अप्रूप होतं! ते फार टिकलं नाही. १९९७ च्या सुमारास प्यूजो गेली. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर मैदान हे नाव सभांच्या निमित्ताने पेपरात येतं, तेव्हा आजच्या मुलांना त्यामागे गाड्यांचा कारखाना होता हे सांगावं लागतं. पद्मिनीही २००० नंतर लवकरच बंद झाली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सीतूनही गेली.

ऑटोमॅटिक परत आल्या त्या प्यूजो गेली त्याच सुमारास. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्ये ऑटोमॅटिक मिळू लागल्या, मग जपानी आणि कोरियन सेडान आल्या. घेणारे बहुधा गुडघेदुखीवाले, निवृत्त बँकवाले, डॉक्टर. ठाण्याची तीन हात नाक्याची नाहीतर कल्याणच्या शिवाजी चौकाची कोंडी ज्यांना रोज पार करायची आहे, त्यांना क्लच नको होता. त्या गाड्या आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आल्या, आणि आमच्या गाळ्यात यायला लागल्या. उस्तादांच्या ब्यूकसारख्याच.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पडतं ते लाल तेल आम्ही आधी ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगमुळे ओळखत होतो. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल चार कामं करतं. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेतं, क्लचच्या चकत्या दाबतं, गिअर कधी बदलायचा त्याचा दाब पोचवतं, आणि सगळ्यांना वंगण देतं. म्हणून त्याचा स्वभाव फार जपलेला असतो. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ नावाने त्याचं माप ठरवलं, १९६७ मध्ये ‘डेक्स्रॉन’ आलं. सुरुवातीच्या त्या तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळलेलं असायचं, कारण चकत्या एकमेकींना किती धरतील आणि किती सरकतील हे त्याने नीट सांभाळलं जायचं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत ते तेल वापरायला बंदी आली आणि तेल बनवणाऱ्यांना त्याला पर्याय शोधताना बरीच दमछाक झाली. एवढं सांगायचं कारण, ‘लाल तेल ते लाल तेल’ असं म्हणून कुठल्याही डब्यातलं ओतणाऱ्या मिस्त्रीला कळावं की त्या रंगामागे किती विचार आहे.

आता एका गाडीची तपासणी जवळून दाखवतो. बदलापूरचे एक निवृत्त शिक्षक, त्यांच्याकडे एक जुनी जपानी सेडान, चार गिअरची ऑटोमॅटिक, कॉम्प्युटरवर चालणारी. जानेवारी महिना. ‘काका, दोन गॅरेजवाले म्हणाले गिअरबॉक्स संपला, आख्खा बदलावा लागेल. कुर्ल्याहून जुना आणून बसवतो म्हणाले,’ असं मला सांगत होते. वयाने ते माझ्यापेक्षा मोठे, पण गॅरेजात आलेला माणूस मिस्त्रीला काकाच म्हणतो. तक्रारी दोन. एक, सकाळी पहिल्यांदा डी मध्ये टाकल्यावर गाडी चार-पाच सेकंद उचलतच नाही, मग झटका मारून घेते. दोन, कल्याणकडे येताना रस्ता मोकळा असला तरी चौथा पडत नाही, इंजिन ओरडत राहतं, दुपारी मात्र कधी पडतो कधी नाही.

मी त्यांना गाडी रात्रभर माझ्या गाळ्याबाहेर ठेवायला सांगितलं. थंडीची तक्रार थंड गाडीवरच बघायची असते. गिऱ्हाईक तासभर चालवून गरम गाडी आणतो, मिस्त्री फेरी मारतो, काही सापडत नाही, आणि मग अंदाजाने खोलाखोल सुरू होते. निम्मे गिअरबॉक्स इथेच मरतात.

पहाटे काडी काढली. तेल तपासायची रीत गाडीगाडीत वेगळी. बहुतेकांत इंजिन चालू ठेवून, काहींत गरम करून बंद केल्यावर लगेच, आणि हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. काडीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात, कारण हे तेल तापलं की फुगतं. जे तेल गरम असताना जेमतेम पुरतं ते पहाटे आकसून पंपाच्या तोंडाखाली जातं, पंप हवा ओढतो आणि दाब बनत नाही. या गाडीत तेल थंड खुणेच्या चांगलंच खाली होतं. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला. तपकिरी झालेलं, पण त्यात काळे कण नाहीत, जळका वास नाही. चकत्या जळाल्या असत्या तर नाकाला पहिल्यांदा कळलं असतं. खाली वाकून पाहिलं तर कूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या क्लिपशी ओल होती. नळी बदलली, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या प्रतीचं तेल घालून पातळी भरली. दुसऱ्या सकाळी गाडी सेकंदभरात उचलत होती. झटका गेला. उरलेला थोडा उशीर रबरी सीलांचा. वीस वर्षांत सील कडक होतात, थंडीत आणखी आखडतात, दाब गळतो, तापले की पुन्हा बसतात. त्यासाठी लगेच गिअरबॉक्स खोलायची गरज नसते.

तेल सगळं एकदम बदललं नाही. पत्र्याचा बोल्ट काढला की निम्म्याहून कमी तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा थोडं बदलायचं, मधे फिल्टर असेल तर तोही. मशीन लावून दाबाने धुवून काढणं मी जुन्या गिअरबॉक्सला कधी करत नाही. साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्हबॉडीच्या बारीक वाटांत अडकतो.

राहिला चौथा. दोन गॅरेजवाल्यांनी दोन्ही तक्रारी एकाच पोत्यात घातल्या होत्या. मी इंजिन थंड असताना सुरू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवला. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर ती नळी बराच वेळ गार राहते आणि मग एकदम तापते, दार उघडल्याचं बोटांना कळतं. इथे ती पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेली. मुरबाड रोडवर फेरी मारली, तापमानाचा काटा पाव घराच्या वर चढेना. झाकण उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. गॅस्केटला सिलिकॉन फासून कुणीतरी व्यवस्थित बंद केलेलं होतं, कधीतरी उन्हाळ्यात ‘गाडी गरम होते’ म्हणून. हात नक्कीच आमच्याच शाळेत शिकलेल्याचा.

या गाड्यांचा कॉम्प्युटर पाण्याचं तापमान बघतो. पाणी पुरेसं तापल्याशिवाय तो चौथा गिअर देत नाही, टॉर्क कन्व्हर्टरला कुलूप लावत नाही. इंजिन लवकर तापावं, तेल लवकर पातळ व्हावं, म्हणून हे मुद्दाम केलेलं असतं. थर्मोस्टॅट काढला की जानेवारीच्या सकाळी बदलापूर ते कल्याण पाणी तापतच नाही, आणि कॉम्प्युटर बिचारा वाट बघत बसतो. गिअरबॉक्सला काहीही झालेलं नव्हतं. नवा थर्मोस्टॅट बसवला, नळाचं पाणी काढून कूलंट भरलं. कूलंट भरताना हवा काढावी लागते, नाहीतर हवेचा फुगा सेन्सरजवळ अडकून पुन्हा चुकीचं तापमान दाखवतो. मास्तर परतीच्या वाटेवर वांगणीपर्यंत जाऊन आले आणि फोन केला, चौथा पडतोय. उन्हाळ्यात गरम का व्हायची याचंही उत्तर त्याच वेळी मिळालं. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा लावणारा रिले मेला होता. खरं दुखणं तिथे होतं, शिक्षा थर्मोस्टॅटला झाली होती.

असे गिअरबॉक्स मी पुढेही पाहिले, ठाण्याचे एमएच ०४ आणि आमच्या कल्याणचे एमएच ०५ दोन्ही पाट्यांचे. डिसेंबरात नाशिकला पहाटे निघणारे, इगतपुरीच्या धुक्यात चौथा न पडल्यामुळे घाबरलेले लोक. त्यातल्या बऱ्याच गाड्यांची दुरुस्ती एका छोट्या पितळी दारात आणि दोन लिटर योग्य तेलात होती. सगळ्यांची नव्हती, हेही सांगतो. तेल काळं आणि जळकं असेल, तापल्यावरही गाडी सरकत असेल, उलटा गिअर घेत नसेल, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो आणि त्याला पर्याय नाही. पण तापल्यावर जी तक्रार जाते, तिच्यासाठी खोलण्याआधी तेल आणि पाणी बघायलाच हवं.

२०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी आला. तो आतून साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि दांडी यंत्र हलवतं. त्याचे प्रश्न निराळे, आणि आजची आयटीआयची मुलं लॅपटॉप लावून ते झटपट शोधतात. मला त्याचा आनंद आहे. स्कॅनर तापमान आकड्यात दाखवतो, मी ज्यासाठी नळीवर हात ठेवत होतो. पण स्कॅनर थर्मोस्टॅट नाही असं सांगत नाही. तो फक्त ‘इंजिन थंड’ म्हणतो. पुढचा प्रश्न माणसानेच विचारायचा असतो, आणि तो विचारायला आमच्या धंद्याची जुनी रीत ठाऊक असावी लागते.

म्हणून जुनी ऑटोमॅटिक बाळगणाऱ्यांना माझी विनंती आहे. या हिवाळ्याच्या आधी मिस्त्रीला सांगून गाडीत थर्मोस्टॅट आहे की नाही ते बघून घ्या, नसेल तर बसवा. त्यानंतर गाडी तापली तर रेडिएटर, पंखा, पंख्याचा रिले, कूलंट यात दोष शोधा. थर्मोस्टॅट पुन्हा काढायला देऊ नका. गिअरबॉक्सच्या तेलाची प्रत पुस्तकातून एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. सकाळी सुरू केल्यावर रेझ न करता मिनिटभर थांबा, ब्रेकवर पाय ठेवून आर आणि मग डी घ्या. आणि मिस्त्री मंडळींनो, गिऱ्हाइकाने थंडीची तक्रार सांगितली तर गाडी रात्रभर ठेवून घ्या. काढलेला थर्मोस्टॅट खिळ्याला टांगायचे दिवस गेले.